युद्ध दहाव्या पर्वात संपतं

"युद्ध नगं वाचूस. ते झालंय आपलं."

एप्रिल 2020. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. मी तालुक्याच्या गावी माझ्या घरात, तात्या अकरा किलोमीटरवर मळ्यातल्या घरात एकटे. काकू 2012 सालीच गेल्या. मुलगा-सून पुण्यात अडकलेले. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनची तारीख मार्चअखेरची होती, ती पुढं गेली आणि पुढं म्हणजे कधी, ते कुणीच सांगेना. दूरदर्शनवर रामायण आणि महाभारत पुन्हा लागलं होतं. तात्या टीव्हीसमोर बसायचे, पण त्यांना नुसता आवाज यायचा. बाण सुटल्याचं कळायचं, कुणी कुणाला मारला ते कळायचं नाही. मी म्हटलं, तात्या, मी फोनवर वाचून दाखवते रोज संध्याकाळी, कुठून सुरुवात करू? त्यावर ते वरचं उत्तर आलं.

तात्या माझे सख्खे चुलते. आणि 'आपलं युद्ध' म्हणजे 1999 साली दाखल झालेला वाटपाचा दिवाणी दावा. वादी माझे वडील, अण्णा. प्रतिवादी क्रमांक एक, तात्या.

मी स्वतः वकील आहे. 1997 साली सनद घेतली, तेव्हापासून तालुका कोर्टातच काम करते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कामं वाटपाची. भाऊ विरुद्ध भाऊ, पुतण्या विरुद्ध चुलता, अलीकडे बहीण विरुद्ध भाऊ. महाभारत हा वाटणीचा तंटा आहे, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उद्योगपर्वात युधिष्ठिर पाच गावांवर तडजोडीला तयार होतो. अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत अशी चार नावं घेतो आणि पाचवं तुम्हाला द्यायचं ते द्या म्हणतो. हा निरोप मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला कोर्टाच्या व्हरांड्यातली माणसं दिसली. असा एक तरी पक्षकार असतोच, जो म्हणतो, "वकीलबाई, विहीर त्याला राहू द्या, घरही राहू द्या, मला नुसता ओढ्याकडंचा तुकडा द्या, पण हे मिटवा." आणि समोरचा उत्तर देतो ते दुर्योधनाचं. सुईच्या टोकाखाली मावेल एवढी मातीसुद्धा नाही.

पण हे सगळं युद्धाआधीचं. त्यातून काय शिकायचं ते आपल्याला पाठ असतं. लोभ करू नये, भावाचं लुबाडू नये, वडीलधाऱ्यांनी मुलांचं चुकीचं खपवून घेऊ नये. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला हे ठाऊक असतं आणि प्रत्येकजण स्वतःला पांडव समजत असतो. अठ्ठावीस वर्षांत मी कौरव म्हणून दारात आलेला माणूस पाहिला नाही. आम्हीही पांडवच होतो.

आमच्या आजीकडं श्रीधरस्वामींची पांडवप्रतापाची पोथी होती. लाल कापडात बांधलेली, कडांना हळदीचे डाग. चातुर्मासात देवळात तिची पारायणं व्हायची. घरी मात्र महाभारत वाचू नये, घरात भांडणं होतात, असं आजी म्हणायची आणि पोथी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवायची, घरातच पण न उघडता. तिचा हा नेम मला लहानपणी भाबडा वाटायचा. आता वाटतं, तिच्या डोळ्यांसमोर दोन मुलगे वाढत होते आणि तिला काहीतरी दिसत असावं.

एकूण जमीन नऊ एकर, एक सामाईक विहीर. विहीर तात्यांनी खोल केली होती, स्वतःच्या पैशानं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून तिच्यावर हक्क जास्त आणि पाणीपाळीही जास्त. अण्णांचं म्हणणं, पैसा घरचा होता. दावा त्यावरून पेटला. वकीलपत्र माझ्या सिनिअरांचं होतं, घरचं काम मी अंगावर घ्यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. पण कागद मी काढले, मुद्दे मी लिहिले आणि 2006 साली तात्यांच्या उलटतपासाचे प्रश्नही मीच लिहून दिले.

त्यातल्या दोन प्रश्नांविषयी मला आज लिहायचं आहे.

आजीच्या ट्रंकेत तिचं बँकेचं पासबुक सापडलं होतं. 1987 सालच्या एका तारखेला त्यातून सहा हजार रुपये काढल्याची नोंद होती. आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. प्रश्न असा लिहिला: "हे पैसे तुम्ही काढले, हे खरं आहे का?" तात्या म्हणाले, खरं आहे. पुढचा प्रश्न: "हे पैसे आईच्या औषधपाण्यावर खर्च झाल्याची एकही पावती तुमच्याकडं नाही, हे खरं आहे का?" तात्या पिंजऱ्यात उभे होते. पांढरा सदरा, हातात टोपी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं. मग ते म्हणाले, "न्हाई, पावती न्हाई." कुठं खर्च झाले ते विचारलं, तर गप्प. न्यायाधीशांनी "साक्षीदार उत्तर देत नाही" असं लिहून घेतलं. निकालपत्रात पुढं या ओळीचा आधार घेऊन म्हटलं होतं, की प्रतिवादीनं आईच्या खात्यातल्या पैशांचा हिशेब दिलेला नाही, त्यामुळं विहिरीच्या खर्चाबाबतचं त्याचं म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही.

त्या सहा हजारांचं काय झालं ते मला माहीत होतं. पैसे काढायची स्लिप मीच भरली होती. चौदा वर्षांची होते. तात्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून मला सायकलवर पुढं बसवून बँकेत नेलं, आजीचा अंगठा घरीच घेतला होता. तिथून आम्ही थेट एस.टी. स्टँडवर गेलो. आत्या तिथं उभी होती. आत्याच्या यजमानांच्या पोटाचं ऑपरेशन होतं आणि सासरच्यांनी हात वर केले होते. तात्यांनी रुमालात बांधलेले पैसे तिच्या पिशवीत ठेवले. परत येताना मला म्हणाले, "कुणाला बोलायचं न्हाई. तिच्या सासरी कळलं तर तिला जड जाईल. अण्णालापण न्हाई, त्याच्या पोटात ऱ्हात न्हाई." आत्यानं वर्षभर आधीच भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं आणि बदल्यात चोळीबांगडीही मागितली नव्हती. तात्यांच्या मनात ते असणार.

माझे दोन्ही प्रश्न खरे होते. पावती खरंच नव्हती.

'नरो वा कुंजरो वा' हे आपण मराठीत येताजाता म्हणतो. संस्कृत महाभारतात हे शब्द असे नाहीत. तिथं युधिष्ठिर अश्वत्थामा मेला असं मोठ्यानं म्हणतो आणि हत्ती मेला हे अस्पष्ट, तोंडातल्या तोंडात. त्यानंतर जे येतं ते मी कधी विसरू शकत नाही. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला. या गोष्टीत आकाशातून वीज पडत नाही, युधिष्ठिर युद्धही हरत नाही, उलट द्रोण पडतात आणि तो जिंकतो. फक्त चाक मातीला लागतं. पुढं सगळ्यांचे रथ चालतात तसाच त्याचाही चालतो.

2009 साली आमच्या बाजूनं हुकूमनामा झाला. तात्यांचं अपील 2013 साली फेटाळलं गेलं. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप न्यायालय करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख. 2016 साली मोजणी झाली. दोघांना चार एकर वीस गुंठे, विहीर निम्मी-निम्मी, पाणीपाळी साडेतीन-साडेतीन दिवस. मोजणीदार खुणा गाडत होते तेव्हा अण्णा बांधावर काठी टेकून उभे होते. मी त्यांना म्हटलं, झालं अण्णा, जिंकलो. त्यांनी मान हलवली. मग त्या दगडाकडं बघत म्हणाले, "हितं आमी दोघं गोट्या खेळायचो." त्यांना आनंद झाला नाही असं नाही. संध्याकाळी पेढे आणले होते त्यांनीच. पण रात्री बारा वाजता उठून ओसरीवर बसलेले मी पाहिले.

2018 च्या जानेवारीत अण्णा गेले. तात्या आले, तिरडीला खांदा दिला, बाजूला उभे राहिले, आंघोळ करून निघून गेले. दहाव्याला नदीवर तिलांजलीच्या वेळी पुढं आले, ओंजळभर पाणी सोडलं. घरी परतल्यावर आत्यानं माझ्या आईला आणि भावाला सगळ्यांसमोर सांगितलं. त्या सहा हजारांवर माझा नवरा जगला, तात्यानं माझ्यासाठी तोंड मिटलं आणि तुम्ही त्याला कोर्टात चोर केलं. आई रडायला लागली. भाऊ म्हणाला, "अगं, मग आधी का नाही बोललीस?" मी त्या खोलीत होते. मला ते एकतीस वर्षं माहीत होतं. अण्णा ते न कळताच गेले.

स्त्रीपर्व मी त्यानंतर वाचलं. त्याच महिन्यात, आजीची पोथी कोनाड्यातून काढताना. पोथीनं तहान भागेना म्हणून संपूर्ण महाभारताचं मराठी भाषांतर मिळवलं. स्त्रीपर्वाच्या शेवटी सगळे गंगेकाठी मृतांना पाणी द्यायला उतरतात आणि कुंती युधिष्ठिराला सांगते, कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ होता. बरोबर पाणी देतानाच. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही. त्या घाटावर एका बाजूला सत्य दडवणारी कुंती आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या सत्यानं जिंकलेला युधिष्ठिर. मला दोन्ही जागा आपल्याच वाटल्या.

तेव्हा मी पहिल्यांदा मोजलं. महाभारताची पर्वं अठरा. युद्ध दहाव्या सौप्तिकपर्वात संपतं. मग आठ पर्वं उरतात. स्त्री, शांती, अनुशासन, आश्वमेधिक, आश्रमवासिक, मौसल, महाप्रस्थानिक, स्वर्गारोहण. त्यातलं शांतिपर्व सगळ्या पर्वांत मोठं. म्हणजे ज्यानं कुणी ही रचना केली, एकानं किंवा पिढ्यान्‌पिढ्यांनी, त्याला जिंकल्यानंतरच्या दिवसांविषयी फार बोलायचं होतं. आपण मात्र दुर्योधन पडला की उठतो. कीर्तनात, टीव्हीवर, शाळेच्या नाटकात, सगळीकडं.

मला लोक विचारतात, विशेषतः कोर्टातली तरुण मुलं, की मॅडम, आजच्या काळात या जुन्या ग्रंथांतून काय घ्यायचं? तेही त्यात एवढं न पटणारं असताना. त्यांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. एकलव्याचा अंगठा मला आजही पचत नाही. रामायणाच्या उत्तरकांडातला, तप केलं म्हणून मारला गेलेला शंबूक तर नाहीच. सीतेला पुन्हा शपथ घ्यायला लावणारी सभा वाचताना माझ्या घशाशी येतं. द्रौपदीनं सभेत विचारलेला प्रश्न तर शुद्ध कायद्याचा आहे: जो स्वतःला आधी हरला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरला होता का? सभेत भीष्म होते, द्रोण होते, आणि भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, तुझ्या प्रश्नाचा निवाडा मला करता येत नाही. उभा राहिला तो विकर्ण, कौरवांपैकीच एक. आज हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, तरी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर भावाच्या गाडीतून उतरून हक्कसोडपत्राला निघालेल्या मुली मी पाहते. त्यांतल्या एकीनं मला विचारलं होतं, "सही केली नाही तर माहेर तुटेल ना?" मी तिला कलम सांगितलं. माहेराबद्दल मला काही सांगता आलं नाही.

म्हणून मी या ग्रंथांना डोकं गहाण टाकून वाचत नाही. आणि वाचताना प्रत तपासून वाचते, तो माझ्या धंद्याचा गुण. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती करायला घेतली, ती 1966 साली पुरी झाली. सुकथनकर, बेलवलकर, वैद्य अशा संपादकांनी ठिकठिकाणची 1259 हस्तलिखितं ताडून पाहिली. एका कागदाच्या दोन प्रतींत फरक निघाला तर आमच्या कोर्टात दिवस जातो. ती माणसं त्यातच सत्तेचाळीस वर्षं होती. त्यामुळं साधी गोष्ट कळते, की 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य त्या संहितेत नाहीच. एवढ्या मोठ्या संहाराचं खापर एका बाईच्या बोलण्यावर फोडायची सोय मागाहून झाली. माझ्या पक्षकारांच्या घरांतही बहुतेक भांडणं 'थोरल्या सुनेमुळं' झालेली असतात. जमिनीच्या फेरफार नोंदी बघितल्या की कळतं, ती लग्न होऊन यायच्या आधीची आहेत.

पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या आठ पर्वांत मिळालं, आणि ते उपदेशाच्या रूपात मिळालं नाही.

एक जागा सांगते. आश्वमेधिक पर्वात, युद्ध संपून राज्य स्थिर झाल्यावर, अर्जुन कृष्णाला म्हणतो, त्या वेळी रणांगणावर तू मला जे सांगितलंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. गीता विसरला! ज्याच्यासाठी ती सांगितली तोच. कृष्ण चिडतो, तुझ्यात श्रद्धा कमी आहे, बुद्धी मंद आहे असंही म्हणतो, आणि मला आता ते तसंच्या तसं सांगता येणार नाही अशी कबुली देतो. मग दुसरं काही सांगतो, त्याला अनुगीता म्हणतात. मला हे वाचून जेवढा धीर आला तेवढा गीतेच्या अठरा अध्यायांनीही कधी आला नव्हता. मी अनेकदा पहाटे बसून वाचलेलं दहा वाजता कोर्टाच्या पायऱ्या चढताना विसरते. समोरच्या वकिलानं आवाज चढवला की स्थितप्रज्ञाची लक्षणं कुठं जातात कळत नाही. आणि इथं अर्जुन येऊन सांगतो की माझंही गेलं, पुन्हा सांगा. कृष्णही त्याला परत पाठवत नाही.

रामायणाचा मला असा आधार एकाच ठिकाणी झाला, पण तो मोठा. अयोध्याकांडात भरत चित्रकूटला जातो आणि दोघे भाऊ भांडतात, राज्य तू घे म्हणून. वाटपाच्या कामांत मी असं भांडण एकदाच पाहिलं, दोन वयस्क बहिणींचं, आईच्या घरावरून, आणि त्या दिवशी आमचा शिरस्तेदारसुद्धा काम थांबवून ऐकत होता.

तात्यांकडं पहिल्यांदा गेले ती 2019 च्या दिवाळीत. फराळ घेऊन. त्यांनी डबा घेतला, बस म्हणाले, चहा केला, दोघांनी पावसावर गप्पा मारल्या. मी जे बोलायला गेले होते ते न बोलता परत आले. पुढं महिन्यातून एकदा जाऊ लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच ठरवलं होतं. मग टाळेबंदी.

फोनवरचं वाचन रोज सातला. तात्या स्पीकर चालू करून फोन खाटेवर ठेवायचे. मी वाचायला लागले की त्यांच्या मळ्यातले रातकिडे आधी ऐकू यायचे. मी आश्रमवासिक पर्वापासून सुरुवात केली. हे पर्व फारसं कुणी वाचत नाही. शंभर मुलं गमावलेला धृतराष्ट्र, ज्यांनी ती मारली त्यांच्याच घरात राहतो. पंधरा वर्षं. युधिष्ठिर सगळ्यांना बजावतो की त्यांचं मन दुखवेल असं कुणी वागायचं नाही. राज्याचे निर्णय त्यांना विचारून घेतो. भीमाला मात्र ते जमत नाही. तो म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं दंड थोपटतो आणि याच हातांनी आंधळ्याची मुलं मारली म्हणतो. युधिष्ठिराला हे कळतही नाही. धृतराष्ट्र कुणाला काही सांगत नाही. गुपचूप जेवण कमी करतो, जमिनीवर निजतो. शेवटी वनात जायची परवानगी मागतो तेव्हा युधिष्ठिराला समजतं, की आपल्या घरात, आपल्या छत्राखाली हा माणूस उपाशी राहत होता.

तिथं मी थांबले. तात्या काहीच बोलेनात. मला वाटलं लाइन कटली. "तात्या?"

"हाय. वाच."

मी वाचलं नाही. मी सगळं सांगितलं. पासबुक, स्लिप, एस.टी. स्टँड, प्रश्न माझ्या अक्षरात होते, अण्णांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, सगळं. बोलताना माझा आवाज वकिलासारखा येत होता, तारखा आणि क्रम लावून. तो मला आवडत नव्हता पण दुसरा येत नव्हता.

तात्या बऱ्याच वेळानं म्हणाले, "ठाऊक हाय मला. तवाच कळलं. अण्णाला येवढं सुचत न्हाई. त्यो नुसता वरडायचा." मग म्हणाले, "तू फाइलीत बघत होतीस. वर बघितलं असतंस तर बरं वाटलं असतं." एवढंच. जाऊ दे म्हणाले नाहीत, माफ केलं म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, कारण मागितली असती तर त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं. "आता वाच फुडं. म्हातारा गेला का वनात?"

गेला. आणि त्याच्याबरोबर कुंती गेली. जिंकलेल्या मुलांची आई, आता कुठं सुखाचे दिवस आलेले, ती जावेबरोबर निघाली. महाभारतातलं सगळ्यात सुंदर चित्र माझ्या मते हे आहे: पुढं कुंती, तिच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर आंधळ्या धृतराष्ट्राचा हात. तिघं अशी हस्तिनापुरातून बाहेर पडतात. मुलं म्हणतात, मग आम्हाला लढायला का लावलंस? ती सांगते, तुमचा नाश होऊ नये म्हणून, तुम्ही मिळवलेल्या राज्याचा भोग मला नको. आणि जाताना युधिष्ठिराला म्हणते, तुझी बुद्धी धर्माकडं राहो आणि तुझं मन मोठं असो. तात्यांनी ही ओळ मला तीनदा वाचायला लावली. "मन मोठं असो. आई असंच म्हणायची," म्हणाले. आजी खरंच असं म्हणायची का, मला आठवत नाही.

मग आम्ही मागंपुढं वाचत गेलो. अर्धं अंग सोन्याचं झालेल्या मुंगसाची गोष्ट तात्यांना फार आवडली. राजाच्या एवढ्या मोठ्या अश्वमेधात लोळून त्याचं उरलेलं अंग सोन्याचं होत नाही, कारण त्याला दुष्काळात स्वतःचं सातू पाहुण्याला देणाऱ्या उपाशी घराची माती लागलेली असते. कधी शांतिपर्वातलं एखादं आख्यान. भीष्म बाणांवर अठ्ठावन्न रात्री पडून होते हे ऐकून तात्या म्हणाले, "मला तर खाटेवर झोप लागत न्हाई." मौसलपर्व मी भरभर वाचलं, त्या दिवसांत एवढी मरणं ऐकत होतो की ते वाचवेना. वणव्यात धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती गेली तो दिवस मात्र सावकाश वाचला.

मे संपता संपता स्वर्गारोहण पर्व आलं. युधिष्ठिर वर पोचतो आणि पहिल्यांदा त्याला काय दिसतं, तर दुर्योधन सिंहासनावर बसलेला, तेजानं झळकतोय. तो संतापतो. याच्यामुळं सगळे मेले आणि हा इथं? मला याचं तोंडही बघायचं नाही, माझे भाऊ कुठं आहेत तिकडं न्या. नारद हसून म्हणतात, असं बोलू नकोस, इथं वैर उरत नाही.

"काय म्हणाला?" तात्यांनी विचारलं.

"इथं वैर उरत नाही म्हणाला."

रातकिड्यांचा आवाज. खाट करकरली. मग दुरून काहीतरी खट्ट झालं आणि तात्या म्हणाले, "लाइट आली मळ्यातली. आज शुक्रवार ना? तुमची पाळी हाय. तुमचा वाटेकरी त्याच्या गावाला अडकलाय, चार दिवस झाले, ऊस करपायला लागलाय तुमचा."

वाटणीनंतर चार वर्षांत त्यांनी आमच्या पाळीला स्टार्टरला हात लावला नव्हता. आम्हीही त्यांच्या नव्हता.

"तात्या, अंधार आहे, डोळ्यांना दिसत नाही तुम्हाला. राहू दे, उद्या बघू कुणाला तरी."

"वाट पायाला ठाऊक हाय. तू ठेव आता, उद्या ऱ्हायलेलं वाच."

फोन त्यांनी बंद केलाच नाही, खाटेवरून तसाच बंडीच्या खिशात टाकला असावा. मीही ठेवला नाही. चपलांचा आवाज, काठी, मध्येच एकदा खोकला. मग पत्र्याच्या पेटीचं दार उघडल्यासारखं काहीतरी, आणि मोटर सुरू झाली.